बाबांच्या डोळ्यापुढची माशी

पुणे,
मंगळवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन केला असता, पण फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, आईशी बोल" म्हणतात आणि हा विषय दोन मिनिटांचा नाही. म्हणून काळ्या शाईने, मोठ्या अक्षरात लिहिते आहे. बाबा, सावकाश वाचा. डोळे दमले तर उरलेलं आईकडून वाचून घ्या.

गणपतीत आले होते तेव्हा तुम्ही पानावर बसलात आणि वरणभातावरून दोनदा हात फिरवलात. आई म्हणाली, "अहो, माशी नाहीये तिथे." तुम्ही काहीच बोलला नाहीत. मान जरा डावीकडे झटकलीत, थांबलात आणि मग पहिला घास घेतलात. दुसऱ्या दिवशी पेपर वाचतानाही तेच. ओळ संपली की मान झटकायची, नजरेपुढे तरंगणारं ते काळं, तुमची 'माशी', बाजूला सरकेपर्यंत थांबायचं, मग पुढची ओळ. शब्दकोडं तुम्ही सोडवायचं सोडलंय, हेही मला तेव्हाच कळायला हवं होतं. तुम्हाला किती त्रास होत असेल ते मी पाहिलंय. त्यामुळे "वय झालं, चालायचंच" असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाहीये.

पण आईने रविवारी सांगितलं की तुम्ही जाहिरातीचं कात्रण जपून ठेवलंय आणि पुढच्या बुधवारची वेळही घेतलीय. दहा मिनिटांत लेझरने माशी गायब, टाका नाही, पट्टी नाही, असं त्यात लिहिलंय म्हणे. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. बाबा, ती वेळ रद्द करा. लेझर कधीच नको असं मी म्हणत नाही, पण अशा घाईने आणि अशा ठिकाणी नको.

तुमचं म्हणणं आईने मला सांगितलं. "हिला नाही का दहा मिनिटांत झालं? मग मला काय होणार आहे?" मोतीबिंदूनंतर आईच्या डोळ्यात जाळी आली होती आणि ती लेझरने साफ केली होती, हे खरं. यंत्रही त्याच जातीचं, याग लेझर. पण काम निराळं आहे. आईची जाळी बसवलेल्या भिंगाच्या पाठीमागे चिकटलेली होती, एका जागी स्थिर. डॉक्टरांना ती समोर दिसत होती आणि थोडक्या फटक्यांत भोक पाडून काम झालं. तुमची माशी डोळ्याच्या पोकळीत तरंगते. तुम्ही डोळा हलवलात की ती हलते, डोळा थांबला तरी ती मागून येऊन थांबते. अख्खा डोळा पुढून मागे जेमतेम २४ मिलिमीटर. त्यात पुढे भिंग, मागे चित्र उमटतं तो पडदा (रेटिना) आणि या दोन्हींच्या मधे हलणाऱ्या धाग्यावर नेम धरायचा. लेझर तो धागा कात्रीसारखा कापत नाही. त्या टिंबावर क्षणभर सूक्ष्म स्फोट होतो आणि धागा विरतो किंवा तुटतो. एका बैठकीत असे फटके शेकड्यांत मारावे लागतात, आणि बऱ्याचदा एका बैठकीत भागत नाही.

फटका पुढे लागला तर भिंगाला इजा होते आणि मोतीबिंदू झपाट्याने वाढतो. तुमच्या उजव्या डोळ्यातलं भिंग अजून तुमचं स्वतःचं आहे, हे विसरू नका. आईसारखं बसवलेलं नाही. फटका मागे गेला तर पडद्याला जखम, रक्तस्राव, कधी पडदा फाटणं किंवा सरकणं. आणि तिसरी गोष्ट, जिने माझी झोप उडवली: या लेझरनंतर डोळ्यातला दाब वाढू शकतो. बाबा, तुम्हाला काचबिंदू आहे. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत थेंब घालून तुम्ही तोच दाब तर आटोक्यात ठेवता! वेळ घेताना त्या लोकांनी तुम्हाला हे विचारलंसुद्धा नाही, असं आई म्हणाली. ज्यांनी हे विचारलं नाही, त्यांच्या हाती मी तुमचा डोळा देणार नाही.

काल मी इथल्या एका पडद्याच्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी कागदावर डोळा काढून समजावलं. आपल्या डोळ्याच्या पोकळीत सुमारे ४ मिलिलिटर जेली असते, जवळजवळ सगळं पाणीच, त्यात बारीक तंतू. वय वाढलं की विरजलेल्या दह्याला पाणी सुटतं तशी ती जेली फुटते. तंतू एकत्र गोळा होतात, त्यांची सावली पडद्यावर पडते आणि आपल्याला माशी, केस, कोळिष्टक दिसतं. पांढरी भिंत, आभाळ, पेपरचा कागद पाहिला की जास्तच. पुढे कधीतरी ही जेली आक्रसून पडद्यापासून सुटते. बहुतेकांची सहज सुटते. काहींची सुटताना पडद्याला ओढ देते आणि तिथे तो फाटतो. म्हणून नवी माशी दिसू लागली की पहिलं काम लेझरचं नाही, पडदा शेवटच्या कडेपर्यंत तपासून घ्यायचं. बाहुली मोठी करायचे थेंब घालून, आडवं झोपवून, डोक्याला दिवा लावून, कडेने हलकं दाबत डॉक्टर बघतात. तुमची ही तपासणी झालीच नाहीये. जाहिरातीवाल्यांच्या शिबिरात नुसता नंबर काढला होता.

मी त्यांना स्पष्ट विचारलं, या लेझरने गुण येतो का? ते म्हणाले, काहींना येतो. अमेरिकेत बोस्टनला ५२ जणांवर नीट अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. काहींना खरा लेझर दिला, काहींना नुसता दिल्यासारखा केला. सहा महिन्यांनी खरा लेझर घेतलेल्यांपैकी निम्म्यांना चांगला फरक वाटला, खोट्यावाल्यांपैकी कुणालाच तसा वाटला नाही. म्हणजे उपाय खोटा नाही. पण निम्म्यांनाच, आणि तेही माणसं निवडून घेतली होती. त्याच वर्षी तिथल्या पडद्याच्या डॉक्टरांच्या संघटनेने या लेझरनंतरच्या तक्रारी गोळा केल्या, तर १५ रुग्णांत १६ निघाल्या: दाब वाढून काचबिंदू, मोतीबिंदू, फाटलेला पडदा, सरकलेला पडदा. एकूण किती लेझरमागे इतक्या, ते त्यातून कळत नाही. पण हे सगळं खरोखर घडतं, एवढं कळतं.

माझ्या ऑफिसातल्या एकीच्या वडिलांचं असंच झालं. तीन बैठका, दर बैठकीला पैसे. मोठी माशी फुटली आणि तिची चिलटं झाली. एक होती तेव्हा बाजूला तरी सारता येत होती, आता सगळीकडे आहेत, असं ते सांगतात. चार महिन्यांत मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं. ती हे सांगताना रडली, कारण वेळ तिनेच घेतली होती.

या डॉक्टरांनी सांगितलं की लेझर करायचाच झाला तर कोणती माशी त्याला योग्य हे आधी ठरतं. एकच, मोठी, भिंगापासूनही लांब आणि पडद्यापासूनही लांब, आणि काही महिने उलटूनही न जाणारी. बऱ्याच जणांची माशी काही महिन्यांत खाली बसते किंवा मेंदू तिच्याकडे लक्ष देणं सोडतो. तुमची श्रावणात सुरू झाली. अजून तीन महिनेसुद्धा झालेले नाहीत.

डॉक्टर कसा निवडायचा याचा मी खूप विचार केला. पाटीवर लेझर सेंटर लिहिलंय, यंत्र नवीन आहे, याने माझं समाधान होत नाही. मला त्यांना विचारायचंय की हाच लेझर, माशीसाठी, तुम्ही स्वतः किती डोळ्यांना केलात? जाळीचे हजार केले असतील, ते यात धरायचे नाहीत. पडदा तुम्ही तपासता की दुसरं कोणी? लेझरनंतर तासाभराने दाब मोजता का? रात्री काही झालं तर फोन कोण उचलतं? आणि मुख्य म्हणजे, किती जणांना तुम्ही "तुम्हाला याची गरज नाही" म्हणून परत पाठवता? मला नाही म्हणता येणारा डॉक्टर हवाय. पॅकेज समजावणारी मुलगी आधी भेटते आणि डॉक्टर शेवटी पाच मिनिटं, तिथून आपण उठून यायचं.

आई, हे तुझ्यासाठी. बाबांना अचानक पुष्कळ काळे ठिपके दिसले, राख उधळल्यासारखे, किंवा अंधारात वीज चमकल्यासारखं झालं, किंवा नजरेच्या कडेने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर माझी वाट बघू नकोस. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रविवार असो की सण. फाटलेला पडदा वेळेत सापडला तर वाचतो. आणि हो, शेजारच्या काकूंनी सुचवलेला मध डोळ्यात घालू देऊ नकोस.

मी शुक्रवारी रात्री येते. शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ इथल्या डॉक्टरांच्या ओळखीच्या, कोल्हापुरातल्या पडद्याच्या डॉक्टरांकडे घेतली आहे. थेंब घातले की चार-पाच तास धूसर दिसेल, म्हणून स्कूटर नाही, गाडी ठरवली आहे. बाबांची जुनी फाइल, काचबिंदूच्या थेंबांची बाटली आणि साखरेचे रिपोर्ट एका पिशवीत काढून ठेव. काळा चष्माही घे, परतताना ऊन लागेल.

तुमची,
सुमा