काकांना पत्र: गाडी सुरू झाली

काउली, ऑक्सफर्ड
रविवार, ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा चुरा झालाय, पण मी तो चमच्याने खातोय. काकूंना सांगा.

गाडी सुरू झाली. फोनवर मुद्दामच सांगितलं नाही. फोनवर तुम्ही दोन मिनिटांत ‘जेवलास का?’ वर येता आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. दोन चुकाही कबूल करायच्या आहेत. त्या समोर उभं राहून कबूल करण्यापेक्षा सात हजार किलोमीटरवरून कागदावर केलेल्या बऱ्या.

गाडी मॉरिस मायनर १०००, १९५९ची. शेजारच्या आजोबांच्या शेडमध्ये वीसेक वर्षं उभी होती. त्यांचा जन्म इथला, नोकरीही इथल्याच कारखान्यात झाली, आणि गाडीही इथेच बनलेली. आज शेजारच्याच जागेवर बीएमडब्ल्यूवाले मिनी बनवतात. ज्या विल्यम मॉरिसच्या नावाची ही गाडी, त्याने याच गावात सायकली दुरुस्त करत सुरुवात केली होती. हे ऐकल्यावर मला तुमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेड घेण्याआधीचं पंक्चरचं दुकान आठवलं. तो पुढे लॉर्ड झाला, तुम्ही लेथवाले झालात. मायनर पहिल्यांदा पाहिल्यावर तो म्हणाला होता म्हणे, की ही पाण्यात सोडून शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते. दिसते खरी तशी. बॉनेटच्या मधोमध एक चपटा उंच पट्टा आहे. तिचा डिझायनर इसिगोनिस, त्याने सगळं डिझाइन झाल्यावर गाडी अरुंद वाटते म्हणून ती उभी कापली आणि मधे चार इंच घातले. ते चार इंच बॉनेटवर अजून दिसतात. कापून जोडायचं काम तुम्हाला आवडेल असं वाटलं, म्हणून लिहिलं.

तुम्ही अँबॅसॅडरची इंजिनं बांधलीत, तिचं मूळ मॉरिस ऑक्सफर्ड. ऑक्सफर्डचं इंजिन १४८९ सीसी, हिचं ९४८. एकाच घरातली थोरली-धाकटी. इंजिनचं हेड उघडलं आणि मला वाटलं, हे मी बघितलंय. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, चार सिलिंडरला मिळून पाचच पोर्ट, आणि बदामाच्या आकाराचं कंबश्चन चेंबर. शाळेच्या सुट्टीत तुम्ही माझ्याकडून रॉकेलमध्ये धुऊन घ्यायचात तेच हेड, फक्त लहान.

इंजिन जाम होतं. इथले लोक त्यासाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन मिसळून घालतात. मी रॉकेल आणि इंजिन ऑइलच घातलं, प्लगच्या भोकातून, दोन आठवडे. मग हँडल लावून थोडंथोडं, जोर न लावता. तेराव्या दिवशी ते एक सूत हललं. शेजारचे आजोबा शेडच्या दारात चहाचा कप घेऊन उभे होते. ते म्हणाले, आता जेवून ये. तुम्हीही हेच म्हणाला असता.

तुमचे इंची पाने सगळे चालले. विमानतळावर बॅगेचं वजन जास्त झालं तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, त्या परत घेतो.

ऑइल चेंबर उतरवल्यावर कनेक्टिंग रॉडच्या कॅपांवर पंचाचे ठिपके दिसले. पहिल्या कॅपवर एक, दुसऱ्यावर दोन, असे चार. आजोबा म्हणाले, आपण इंजिन कधीच उघडलं नव्हतं. म्हणजे त्यांच्या आधीच्या कुणीतरी. तुम्ही ठिपके मारता तसेच, रॉडवर आणि कॅपवर समोरासमोर. आणि पिस्टनच्या डोक्यावर ०२० कोरलेलं, म्हणजे त्याने सिलिंडरचा बोअर वीस थाऊ (इंचाचे वीस हजारांश) वाढवला होता आणि पुढच्यासाठी वीस थाऊ ठेवला होता. या इंजिनाला बाजारात चाळीसपर्यंत पिस्टन मिळतात.

आता पहिली चूक. टॅपेट, म्हणजे कॅमवर बसून व्हॉल्व्ह उचलणारे दट्टे, काढताना मी आठही मार्जरीनच्या एका डब्यात टाकले. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून नंबर घालायचे असतात हे मला माहीत होतं. तुम्ही त्याच गोष्टीसाठी मला एकदा कानाखाली दिली होती, तीही आठवत होती. पण त्या दिवशी पाऊस होता, चार वाजताच अंधार पडतो इथे, आणि मला वाटलं सकाळी बघू. सकाळी सगळे सारखेच दिसले. प्रत्येक टॅपेट आपापल्या कॅमवर घासून बसलेला असतो, दुसऱ्याच्या जागी घातला तर दोघांनाही खातो. शेवटी आठही नवे घेतले. कॅमशाफ्ट तीच ठेवली. कॅमचे उंचवटे मोजले, नखाने चाचपले, खड्डे नाहीत. पण जुन्या कॅमवर नवे टॅपेट हे तुम्हाला पटणार नाही हे ठाऊक आहे.

दुसरी चूक म्हणावी की नाही, हे तुम्हीच सांगा. मूळ बोअर २.४७८ इंच. वीस थाऊ धरून मोजलं तर वरच्या टोकाला, जिथे पिस्टनची रिंग थांबते तिथे, आणखी नऊ थाऊ झीज. तीस थाऊच्या पिस्टनमध्ये जेमतेम साफ झालं असतं. पण तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह इतकी वर्षं उघडाच राहिला होता, दमट हवा आत गेली आणि भिंतीवर गंजाचे खड्डे पडले. बोअरिंगवाला म्हणाला चाळीस कर, मोकळा हो. मला तुमचा आवाज ऐकू येत होता: तिसऱ्याला लायनर (आतून बसवायची नवी नळी) घाल, बाकीचे तीसवर ठेव, शेवटचा कट आपण घ्यायचा नाही. दोन दिवस विचार केला. इथे नटापासून गॅस्केटपर्यंत सगळं नवं मिळतं, कॅटलॉग बघून पत्त्यावर येतं, त्यामुळे शेवटच्या कटाची कुणाला फिकीर नाही. मीही चाळीस केला. एवढंच सांभाळलं की पिस्टन आधी आणले, त्यांच्या मापाने बोअर नंतर केला. पण त्या ठिपकेवाल्याने ठेवलेलं मी संपवलं, हे मनातून जात नाही. पुढच्याला चारही लायनर घालावे लागतील.

एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हखाली कडक सीट बसवून घेतल्या, कारण जुन्या सीट सांभाळणारं शिशाचं पेट्रोल इथे २००० सालीच बंद झालं. आता तर १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ते जुने रबरी पाइप खातं, म्हणून पाइपही बदलले. तुमच्याकडे वीस टक्क्यांचं आलंय ना? दादाला सांगा, स्कूटरचा पाइप बघत जा.

एक गंमत. क्रँकच्या मागच्या टोकाला ऑइल सीलच नाही! शाफ्टवर आटे काढलेत, ते फिरताना तेल उलटं आत ढकलतात. इंजिन थांबलं की आटेही थांबतात, मग तेल गळतं. इथे सगळे गाडीखाली ट्रे ठेवतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत.

हेडचे नट तीन फेऱ्यांत, मधून बाहेर, चाळीस पाउंड-फूट. तुम्ही हातानेच ओळखता, मला टॉर्क रेंच लागतो. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हचं अंतर बारा थाऊ. तुमची नऊची बेरीज लावली: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तर पहिला सेट करायचा, सातवा असेल तर दुसरा. आजोबांना हे माहीतच होतं. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाले इथल्याच एकाने. मी म्हटलं, मला कोल्हापुरात.

ऑइल पंपात व्हॅसलीन भरलं, प्लग काढून स्टार्टर मारत राहिलो, डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले, चावी फिरवून स्टार्टरची मूठ ओढली. कार्बोरेटरमधून असा भडका आला की आजोबांच्या हातातला कप सुटला. डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा चुकवून बसवला होता मी. पहिलं पिस्टन वर आलं होतं, पण चुकीच्या वेळी. चौथ्याचे व्हॉल्व्ह बघायला हवे होते, ते बघितले नाहीत. वायरी दोन-दोन घरं पुढे सरकवल्या, ठिणगीचा क्रम १-३-४-२ पुन्हा मोजला आणि दुसऱ्या ओढीला लागली. आधी तीनच सिलिंडर, मग चौथंही. आजोबा काहीच बोलले नाहीत. झाडू आणला आणि कपाचे तुकडे गोळा करत बसले.

आता मुद्द्याचं. गरम झाल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूने टिक-टिक येते. थंड असताना नाही. व्हॉल्व्हचं अंतर पुन्हा मोजलं, बाराच आहे. टॅपेट असेल, रॉकरचा बुश असेल, किंवा नव्या पिस्टनची पिन. स्क्रू ड्रायव्हरचा दांडा कानाला लावून ऐकलं, पण मला वरचा आणि खालचा आवाज वेगळा करता येत नाही. तुम्हाला येतो. दादाच्या फोनवर रेकॉर्डिंग पाठवलंय, अडीच मिनिटांचं. पहिलं मिनिट रॉकर कव्हरवर दांडा ठेवून, पुढचं ब्लॉकवर. लेथ बंद असताना, रविवारी सकाळी ऐका. फोन कानाला लावूनच ऐका, स्पीकरवर नको.

पुन्हा उघडायचं असेल तर ख्रिसमसच्या सुट्टीत उघडेन. या वेळी पुठ्ठ्याला आठ भोकं आत्ताच पाडून ठेवली आहेत.

काकूंना नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुमचा,
बंड्या

ता. क. पंच घेऊन ठिपके मीही नव्याने मारले. जुने पुसट झाले होते, त्यांच्याच शेजारी.