तिलारी घाटातल्या गवताकडे पण बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा संपत आला की सगळीकडे कासच्या फुलांचे फोटो येतात, बघायला छानच वाटतं, पण आमच्या चंदगड भागात तिलारी घाटात एक गवत आहे त्याच्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही म्हणून हे पत्र. हबार्डिया हेप्टान्यूरॉन हे त्याचं शास्त्रीय नाव.

१९१९ साली ते पहिल्यांदा कर्नाटकात जोगच्या धबधब्यापाशी सापडलं. पुढे १९६४ ला शरावतीवर लिंगनमक्की धरण झालं, धबधब्याचं पाणी अडलं, तुषार उडायचे कमी झाले आणि गवत दिसेनासं झालं, ते नामशेषच झालं असं सगळे धरून चालले होते. आणि मग २००२ मध्ये शिवाजी विद्यापीठाच्या डॉ. एस. आर. यादव सरांना आणि त्यांच्या टीमला ते तिलारी घाटात सापडलं! जगातून गेलं म्हणून समजलेलं गवत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात, पण घाटातून गोव्याला ये-जा करणाऱ्या किती जणांना हे माहितीये?

गवत म्हटलं की आपल्याला माळावरची कुसळी आठवते, उन्हात तग धरणारी, गुरांनी तुडवली तरी परत फुटणारी. हे तसलं नाही हो. पातळ मऊ पानं, कड्याच्या सावलीत सतत पाणी झिरपणाऱ्या दगडाला चिकटून राहतं, वरून धबधब्याचे तुषार पाहिजेतच. पावसात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं, म्हणजे पुढच्या वर्षीचं सगळं त्या बियांवर, बी पडायच्या आत कडा सुकला तर विषय संपला. आययूसीएन या निसर्ग राखणाऱ्या जागतिक संस्थेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, ते अतिसंकटग्रस्त आहे.

विद्यापीठानं रोपं वाढवली, परत निसर्गात लावायचे पण प्रयत्न केले, त्यांचे उपकारच आहेत. पण बागेत जगलंय म्हणून घाटातला कडा वाऱ्यावर सोडायचा का? रस्ता रुंद करायला कडा तासला, वरचा झरा पाइप टाकून कुठल्या हॉटेलकडे वळवला, सुशोभीकरण म्हणून धबधब्याखाली काँक्रीट ओतलं, यातलं एक जरी झालं तरी जोगला जे झालं तेच इथं होणार, आणि नंतर कितीही झाडं लावली तरी ते भरून येणार नाही.

आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या माशासाठी २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली, मग या कड्याला तो दर्जा का नको? वनविभाग, बांधकाम खातं आणि घाटातल्या ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्यांनी विद्यापीठाच्या लोकांना सोबत घेऊन जागेची नीट नोंद करावी. नेमकी जागा बोर्ड लावून सांगू नका, नाहीतर सेल्फीवाले तिथंच चढतील, पण घाटात कुठलंही काम काढायच्या आधी तिथल्या वाहत्या पाण्याला धक्का लागणार नाही हे लेखी घ्या.

– एक वाचक, चंदगड