रांगोळी मॅडमकडे, करार साहेबांकडे

संपादक महोदय,
चाकण, रांजणगावच्या कंपन्यांत एचआरमध्ये (मनुष्यबळ विभागात) मुली भरपूर दिसतात, भरती, इंडक्शन म्हणजे नव्यांना कंपनीची ओळख, महिला दिनाची रांगोळी, वाढदिवसाचा केक सगळं त्यांच्याकडे (केक कापायला मात्र साहेब हजर), पण युनियनशी पगारवाढीचा करार करायची वेळ आली की "मॅडम, तिथं आवाज चढतो, तुम्ही राहू द्या" म्हणत एखाद्या साहेबालाच पुढं करतात. आणि मग एचआर हेडच्या प्रमोशनला विचारणार, युनियन हाताळल्याचा अनुभव आहे का? अहो, हाताळू दिलीच कधी! २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात तक्रार समितीची अध्यक्ष महिलाच लागते, तिथं बरोबर मॅडम आठवतात. २०१७पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे रजा मिळते हे चांगलंच, पण परत आल्यावर तीच खुर्ची मिळते का, हेपण छापा कधीतरी.
- एक वाचक, पुणे