चर्चा तू चालवणार आहेस म्हणून

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

तुमच्या चर्चच्या मंडळीत लैंगिकतेच्या प्रश्नावर चर्चा ठरली आहे आणि पाळकांनी ती तुझ्यावर सोपवली आहे, हे ऐकून मम्मी आधी काळजीत पडली. मग म्हणाली, "योग्य माणसाला धरलंय." माझं मत तुला ठाऊक आहे. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया जन्मभर निष्ठेने एकमेकांबरोबर राहत असतील, तर मंडळीने त्यांना आशीर्वाद द्यावा. मम्मीला हे पटत नाही, आणि तिची कारणं उथळ नाहीत. तरी आम्ही दोघं एकाच वेदीपाशी प्रभुभोजन घेतो. म्हणून कोणाचं खरं हा वाद इथे घालत नाही. तू त्या खुर्चीत बसणार, त्याबद्दलच लिहितो.

दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास जाहीर करण्याच्या विधीआधीच्या, वर्गात घोकलेली दहा आज्ञांतली आठवी आठव. खोटी साक्ष देऊ नको, इथवर सगळ्यांना पाठ असतं. आपल्या पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने १५२९च्या लहान कॅटेकिझममध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीत, त्याला पुढची ओळ जोडली, ती आपण परीक्षा झाली की विसरतो: शेजाऱ्याची बाजू सावरून घ्या, त्याच्याविषयी चांगलं बोला, त्याच्या वागण्या-बोलण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावा. "यांना पवित्र शास्त्राची पर्वाच नाही" हे वाक्य या आज्ञेत बसत नाही. "हे सगळे द्वेषाने भरलेत" हेही बसत नाही. दोन्ही वाक्यं तुझ्या बैठकीत येणार, हे गृहीत धर. तेव्हा एकच नियम घालून दे आणि तो कडकपणे पाळायला लाव. ज्याला विरोध करायचा आहे त्याने आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं, आणि समोरचा "हो, हेच म्हणायचं होतं मला" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. वेळ खूप जातो. जाऊ दे.

तुमच्या अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चला हा प्रश्न नवा नाही. ऑगस्ट २००९मध्ये मिनिआपोलिसच्या महासभेत लैंगिकतेवरचं सामाजिक निवेदन, म्हणजे चर्चची अधिकृत भूमिका, मताला आलं. दोन-तृतीयांश मतं हवी होती. ६७६ बाजूने, ३३८ विरोधात पडली. गणित करून बघ, एक मत कमी पडतं तर निवेदन फेटाळलं गेलं असतं. त्याच दिवशी शहरात चक्रीवादळ आलं आणि जवळच्या सेंट्रल ल्यूथरन चर्चच्या मनोऱ्याला तडाखा बसला. झालं, काहींनी त्यात देवाचा कोप पाहिला. वादळाकडूनही आपल्याच बाजूची साक्ष काढून घेणारी माणसं सगळ्या बाजूंना असतात, एवढंच म्हणतो. दोन दिवसांनी समलिंगी नात्यात निष्ठेने राहणाऱ्यांना पाळक होण्याची वाट ५५९ विरुद्ध ४५१ मतांनी मोकळी झाली. पुढे शेकडो मंडळ्या बाहेर पडल्या आणि २०१०मध्ये नॉर्थ अमेरिकन ल्यूथरन चर्च स्थापन झालं. हे आकडे बैठकीत फेकण्यासाठी सांगत नाहीये. तुझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी कोणाची तरी जन्माची मैत्री त्या वर्षी तुटलेली असेल, ते ध्यानात असू दे.

त्या निवेदनात एक गोष्ट फार नीट केली आहे: चर्चमध्ये एक नाही, दोन नाही, चार भूमिका प्रामाणिकपणे धरल्या जातात असं मान्य केलं. समलिंगी संबंध पापच, पश्चात्ताप हवा, ही एक. दुसरी म्हणते, ही पतित जगाची खूण आहे, चर्चने अशा नात्यांना जाहीर मान्यता देऊ नये, पण माणसांशी करुणेने वागावं. तिसरीच्या मते शास्त्रातली वचनं आजच्या जन्मभराच्या नात्यांबद्दल नाहीत. अशा नात्यांना आधार द्यावा, मात्र विवाह म्हणू नये. चौथी पूर्ण समानतेची. बैठकीत पहिला आणि चौथा गट मोठ्याने बोलतात, आणि मधल्या दोन भूमिकांची माणसं चहाच्या वेळी कोपऱ्यात कुजबुजतात. माझा अंदाज, तुझ्याकडे जास्त तीच असतील. त्यांना आधी बोलतं कर.

हे चौघे एकत्र राहू शकतात याचा आधार 'बांधलेला विवेक' या कल्पनेत शोधला गेला: प्रत्येकाचा विवेक त्याला उमगलेल्या वचनाला बांधलेला असतो, म्हणून इतरांनी त्याचा मान राखायचा. वर्म्स शहरात १५२१मध्ये सम्राटासमोर ल्यूथरने आपला विवेक देवाच्या वचनाला बांधलेला आहे असं सांगितलं होतं. शिवाय वेगळं मत असलेल्या भावाला दोषी ठरवू नका असं सांगणारा, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय आहेच. मला ही कल्पना आवडते आणि खुपतेही. मतभेद सांभाळण्याचं मोल चौघांना सारखं पडत नाही. पहिल्या भूमिकेचा माणूस घरी जाऊन शांत झोपतो. पण त्याच बाकावर बसलेल्या समलिंगी मुलाने आपण इथे चालतो की नाही याची चर्चा ऐकलेली असते, तीही बिस्किटं खात-खात केलेली. २०२२च्या महासभेने या कल्पनेचा फेरविचार करायचं ठरवलं, ते मला म्हणूनच बरं वाटलं.

तेव्हा बेटा, खोलीत असा कोणीतरी बसलेला आहेच असं धरूनच बोल. त्याला उदाहरण म्हणून उभं करू नकोस, "तुझा अनुभव सांग" असा लाडिक आग्रहही नको. कोण कोणाबरोबर राहतं याची चौकशी निघाली की तिथेच थांबव. मग तुझ्यावर पक्षपाताचा आरोप झाला तरी चालेल.

आणि प्रार्थना-विनंत्यांवर डोळा ठेव. "नाव घेत नाही, पण एका कुटुंबासाठी प्रार्थना करा, त्यांच्या मुलाचं जरा..." या एका वाक्याने आजवर किती घरं उघडी पडली असतील! चुगली सगळ्यांना कळते. डोळे मिटून, हात जोडून केली की मात्र कोणी टोकत नाही. म्हणून शेवटची प्रार्थना तूच कर, आणि थोडक्यात कर.

मम्मी विचारते आहे की तिची बाजू कोण नीट मांडेल. ती दोन पानं लिहून पाठवणार आहे, मी त्यात एक शब्दही बदलणार नाही. आधी तीच वाच.

बैठक झाली की फोन कर. कशी झाली ते सांग, कोण काय बोललं ते सांगू नकोस.

तुझे,
पप्पा