रात्री बारानंतरचं पाणी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

मी खान्देशात भूलतज्ज्ञ आहे. निधी मागत नाही, ऑपरेशनआधी पाणी कधीपर्यंत चालतं हे सांगणारं एक परिपत्रक मागतो. त्यामुळे फाईल अर्थखात्यात अडकायची भीती नाही.

आमच्याकडे आजही कित्येक वॉर्डांत ऑपरेशनच्या पेशंटला सांगतात, "रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको." यादीत नंबर लागतो दुपारी. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात, आणि सत्तरीची आजी टेबलावर येते ती टाळूला चिकटलेली जीभ घेऊन. "घोटभर पानी बी नही का?" विचारते. सुई लावायला शीर सापडत नाही.

मग प्रोपोफॉल हे भुलेचं औषध दिलं की रक्तवाहिन्या सैलावतात. शरीरात पाणीच कमी असेल तर बीपी धाडकन पडतं. चीर पडायला अजून अवकाश असतो, भूल मात्र पुरती चढलेली. ही पहिली काही मिनिटंच नाजूक. सरासरी रक्तदाब (वरचा-खालचा आकडा मिळून काढलेला) ६५ च्या खाली रेंगाळला तर मूत्रपिंडाला आणि हृदयाला इजा होण्याचा धोका वाढतो. सातपुड्यातल्या सिकलसेलच्या (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आजाराच्या) पेशंटला तर अंगातलं पाणी कमी होणंच घातक.

खरं तर भुलेच्या २ तास आधीपर्यंत साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा चालतो. हलक्या खाण्याला ६ तास पुरतात. आतड्याला अडथळा असलेले किंवा तातडीचे पेशंट वेगळे, त्यांचं भूलतज्ज्ञ ठरवेल.

पाण्याने सगळं भागत नाही, हेही सांगतो. टेलमिसार्टनसारखी बीपीची गोळी सकाळी घेतली असेल तर बीपी जास्त घसरतं. ती कधी थांबवायची हे आदल्या दिवशीच्या तपासणीत ठरावं. वयस्क पेशंटला औषध हळूहळू द्यावं. सुरुवातीला बीपी मोजायचा दंडाचा पट्टा ५ मिनिटांवर न ठेवता दर मिनिट-दोन मिनिटांनी फुगवावा. बीपी वर आणणारं मेफेन्टरमाइन किंवा फिनाइलएफ्रिन सिरिंजमध्ये आधीच भरलेलं असावं. बीपी पडल्यावर कपाटाची किल्ली शोधण्यात अर्थ नाही.

परिपत्रक फक्त सर्जनच्या आणि आमच्या नावे काढू नका. ते रात्रपाळीच्या सिस्टरच्या टेबलावर पोचू द्या, पाणी बंद करायला पेशंटला तीच सांगते. आणि यादी पुढे सरकली तर पाणी पुन्हा सुरू करायचं कोणी सांगायचं, तेही त्यात लिहा.

आपला,
खान्देशातला एक भूलतज्ज्ञ