माँटेरेच्या पाण्यात काम शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. शिवाय कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे अ‍ॅक्वेरियमच्या केल्पच्या, म्हणजे झाडासारख्या उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या, टाकीत इतकी वर्षं विनामोबदला काच पुसणारा एक डायव्हर मालवणचा आहे, हे बे एरियातल्या कितीतरी मराठी मंडळींना अजून ठाऊक नाही. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. या वर्षी डॉक्टरांच्या सांगण्यावरून तुम्ही पाण्यात उतरणं थांबवलंत, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

त्या टाकीत मलाही काम करता येईल का, असं मी तुम्हाला पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्याकडे डायव्हिंगचं कार्ड होतं आणि अंदमान, हवाईच्या कोमट पाण्याचा अनुभव होता. माशांच्या घोळक्यात फिरायला मिळेल, एवढ्याच ओढीने मी आले होते. तुम्ही माझा उत्साह मोडला नाहीत. “आधी थंड पाण्याची सवय कर, अर्ज मागाहून,” एवढंच म्हणालात, आणि पुढच्याच शनिवारी पहाटे जादा सिलिंडर गाडीत टाकून माँटेरेच्या ब्रेकवॉटरच्या (लाटा अडवणाऱ्या बांधाच्या) किनाऱ्यावर हजर राहिलात. तो हिवाळाभर तुम्ही येत राहिलात. पाणी 10 ते 13 अंशांचं. 7 मिलिमीटरचा वेटसूट, डोक्याला हूड, हातमोजे, आणि तो जाड सूट वर ओढतो म्हणून कमरेला वाढीव वजन. अमेरिकन अकॅडमी ऑफ अंडरवॉटर सायन्सेसच्या नियमांतली पोहण्याची चाचणीही तुम्हीच तलावावर उभं राहून करून घेतलीत: 400 यार्ड 12 मिनिटांच्या आत, आणि 25 यार्ड पाण्याखालून, मध्ये डोकं वर न काढता. घड्याळ हातात असूनही तुमचं एकच सांगणं, “घाई कित्याक गो?” मला वाटायचं, वेळ लावलेल्या परीक्षेत हा कसला सल्ला! पण शरीर सैल सोडलं की श्वास पुरतो, हे त्या 25 यार्डांतच मला पटलं.

तुमचं खरं शिकवणं टाकीत दिसलं. केल्प फॉरेस्टची टाकी 28 फूट उंच, वर आकाशाला उघडी, आत बारा-तेरा लाख लिटर समुद्राचं पाणी. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा खोलीत काय अवघड आहे? तुम्ही मला कागदावर आकडे मांडून दाखवले होते. पृष्ठभागापासून पहिल्या 10 मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. पुढच्या कुठल्याही 10 मीटरमध्ये तो त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे उथळ पाण्यातच हातभर वर-खाली झालं तरी तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटमधली हवा फुगते नाहीतर आकसते, आणि तोल जातो. त्यात आधाराला काहीही धरायचं नाही. केल्पला नाही, खडकाला नाही, कारण त्यावर कोणीतरी राहतं आहे. निव्वळ श्वासावर स्वतःला एका जागी ठेवायचं आणि दोन्ही हात कामाला मोकळे ठेवायचे.

आणि काम म्हणजे पुसणं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मला विचारणाऱ्या बहुतेकांना शार्कबद्दल ऐकायचं असतं. तिथले लेपर्ड शार्क आपल्या नादात तळाशी फिरत असतात, त्यांना आमच्याशी देणंघेणं नसतं. आमचा बहुतेक वेळ जातो तो अ‍ॅक्रिलिक या पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्यांवरचं शेवाळ काढण्यात. अ‍ॅक्रिलिकला चरा लवकर पडतो. पॅड एकदा वाळूवर पडला की तो पुन्हा खिडकीला लावायचा नाही, कारण त्यात अडकलेला वाळूचा एक कण लांबलचक ओरखडा काढू शकतो. तुम्ही पॅड मनगटाला बांधून ठेवायचात आणि तरीही प्रत्येक वेळी बोटाने चाचपून बघायचात. ती सवय मी तशीच्या तशी उचलली आहे.

वर त्या टाकीतलं पाणी सतत हेलकावतं. केल्पला हलतं पाणी लागतं. अन्नद्रव्यं त्याला मुळातून मिळत नाहीत, पानासारख्या पात्यांनी पाण्यातून घ्यावी लागतात, म्हणून लाटा करणारं यंत्र बसवलेलं आहे. अ‍ॅक्वेरियम 1984 साली उघडलं, सार्डिन डबाबंद करणाऱ्या जुन्या हॉव्हडन कारखान्याच्या जागेवर, आणि त्यासाठी पैसा देणाऱ्या डेव्हिड पॅकार्ड यांनी, हेवलेट-पॅकार्डच्या त्या इंजिनिअरने, ते यंत्र स्वतः जातीने घडवलं. आयुष्यभर यंत्रांत रमलेले तुम्ही हे किती कौतुकाने सांगायचात! मला मात्र ते हेलकावे सुरुवातीला नकोसे व्हायचे. हात खिडकीवर टेकतो न टेकतो तोच पाणी मागे ओढून नेई. तुम्ही पाण्याखाली माझ्या शेजारी येऊन फक्त करून दाखवलंत: पाणी नेईल तिकडे जायचं, परत आणेल तेव्हा एक हात मारायचा. झुंजायचं नाही. त्या दिवसापासून माझी हवा जास्त वेळ पुरायला लागली.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची ऋणी आहे. एकदा 101 महामार्गावरून परत येताना मी विचारलं होतं, मासे असे कोंडून ठेवणं बरोबर आहे का? तुम्ही तो प्रश्न झटकला नाहीत. रात्री खाडीचं पाणी न गाळता थेट टाकीत कसं सोडतात, त्यातून बीजाणू आणि अळ्या कशा येतात, आणि माणसाने न लावलेले जीव खडकांवर कसे आपसूक रुजतात, हे सांगितलंत. दिवसा लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून तेवढं गाळतात. पण या सगळ्याला तुम्ही उत्तर म्हणाला नाहीत. “प्रश्न जवळ ठेव, म्हणजे काम नीट करशील,” असं म्हणालात. प्रश्न अजून माझ्याजवळ आहे. माझं मत विचाराल तर, जे अ‍ॅक्वेरियम शेजारच्या समुद्राचंच पाणी आणि त्याच समुद्रातले जीव दाखवतं, त्याच्यासाठी मी मनापासून राबेन. नुसत्या करमणुकीच्या टाकीसाठी नाही.

कारण बाहेरचं मी तुमच्याबरोबरच पाहिलं. 2013 पासून तारामाशांना झिजवणारा रोग आला. सनफ्लॉवर स्टार, तो वीसेक हातांचा अवाढव्य तारामासा, जवळजवळ दिसेनासा झाला. मागोमाग 2014 ते 2016 समुद्र तापला. त्यांना खाणारा तो तारामासा गेल्यावर जांभळे सी अर्चिन, ते काटेरी गोळ्यासारखे जीव, बेसुमार वाढले आणि त्यांनी केल्प कुरतडून टाकलं. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं नव्वद टक्क्यांहून अधिक केल्पचं जंगल गेलं. माँटेरेच्या बाजूला समुद्री पाणमांजरं अर्चिन खातात, त्यामुळे काही पट्टे टिकले. पण जिथे तुम्ही पूर्वी केल्पमधून वाट काढत पोहायचात, तिथे आता उघडे खडक आणि काटेच काटे. तुम्ही तिथे पाण्यात थांबून बराच वेळ नुसतं बघत राहिला होतात. पुढच्या पाळीला टाकीतलं वाढलेलं केल्प छाटताना (दिवसाला चार-चार इंच वाढतं ते) तुमची कात्री किती जपून चालत होती, तेही मी पाहिलं.

आता त्या आजींबद्दल, कारण हे तुम्ही कोणाला सांगणार नाही. माशांना खायला घालण्याचा कार्यक्रम चालू होता, तुम्ही माइकचा मुखवटा लावून आत होतात, मी शेजारी. समोर नऊवारीतल्या एक आजी नातवंडांबरोबर बसल्या होत्या. नातीने इंग्रजीत प्रश्न विचारला, आजी विचारते आहे, हे मासे एकमेकांना खात नाहीत का? तुम्ही एक क्षण थांबलात आणि मराठीत बोललात. “आजी, खातात कधीकधी. पण आम्ही त्यांना पोटभर घालतो, म्हणून सहसा कोणी कोणाच्या वाटेला जात नाही.” मग तेच इंग्रजीत. सगळ्या दालनात आवाज घुमला. आजी उठून खिडकीपाशी आल्या आणि त्यांनी तुम्हाला हात जोडले. तुम्हीही पाण्यात हात जोडलेत. नंतर गाडीत तुम्ही मला शाळेच्या सहलीत पाहिलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाबद्दल सांगत होतात: मरीन ड्राइव्हवरची ती गर्दी, आणि मास्तरांनी हाताला धरून ओढेपर्यंत एका काचेसमोर उभे असलेले तुम्ही.

काका, तुमचे शनिवार, तुमचं पेट्रोल, तुमचे सिलिंडर, आणि चिडल्याशिवाय दहादा सांगितलेली तीच गोष्ट, या सगळ्यासाठी मनापासून आभार. काकूंचेही, कारण पहाटे साडेचारला त्या उठायच्या आणि दोघांचे डबे भरायच्या. थंडीने बोटं आखडलेली असताना त्यांच्या घावन-चटणीने जीवात जीव यायचा.

एक विनंती आहे. पुण्याहून इकडे नोकरीला आलेल्या एका मुलीने परवा मला विचारलं, टाकीत काम करायला काय लागतं? तिलाही अनुभव कोमट पाण्याचाच आहे. या हिवाळ्यात तिला ब्रेकवॉटरला मी नेईन, पाण्यात तिच्या बाजूला मी असेन. पण तलावावर घड्याळ घेऊन उभं राहायला तुम्हाला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही, हे मी काकूंना विचारून घेतलं आहे. तुम्हाला कोणता शनिवार जमेल ते कळवा. घ्यायला मी येते.

तुमची,
पाण्यातली शेजारीण