चेंबरच्या झाकणाबाबत मंत्रिमहोदयांस खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
कर्नाटक सरकार
(खात्याचं नाव घातलेलं नाही. विसरलो नाही, पुढे कळेल.)

विषय : बेळगाव, वडगाव येथील एका चेंबरच्या झाकणाबाबत.
संदर्भ : माझ्या पत्नीचा उजवा खुबा.

महोदय,

सविनय नमस्कार. आपल्यामागे कामाचा किती व्याप असतो याची मला कल्पना आहे. त्यामुळे थोडक्यात लिहिणार होतो. तसं होईलसं वाटत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

वडगावात आषाढात मंगाईदेवीची जत्रा असते. जत्रेआधी आम्ही वार पाळतो, त्या दिवशी शेतात कुणी पाय घालत नाही. यंदाही पाळले. जत्रेच्या मंगळवारी संध्याकाळी माझी पत्नी ओटी घेऊन निघाली. वय ६३. पाऊस दिवसभर होता, रस्त्यावर घोट्याएवढं पाणी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चेंबर आहे. त्याचं काँक्रीटचं झाकण मे महिन्यात एका टिपरखाली फुटलं. तेव्हापासून त्यात गुलमोहराची एक फांदी उभी होती, तिला लाल चिंधी बांधलेली. फांदी कुणी सरकारनं लावली नव्हती, आमच्या शेजारच्या पोरांनी लावली होती. दोन महिने या वॉर्डात इमानानं ड्युटी करणारी तेवढी ती एकच. जत्रेच्या गर्दीत आडवी येते म्हणून त्या दिवशी कुणीतरी ती उपटून बाजूला टाकली.

पाण्याखालचं भोक दिसत नाही. तिचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि अंग डावीकडे पिळवटलं. मी घरी भात लावत होतो. शेजारच्या अक्का कन्नडमध्ये ओरडत आल्या, "बर्री, बर्री," म्हणजे या, या. गडबडीत एवढंच मला समजलं. जाऊन बघतो तर दोघं हमाल तिला काखेत धरून वर काढतायत, आणि नारळ अजून तिच्या हातात. म्हणाली, "ओटी तेवढी कुणाकडून तरी पोचवा."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन, सळी, औषधं धरून १ लाख ८७ हजार रुपये गेले. ठेव मुदतीआधी मोडली, त्यावरचं व्याजही गेलं. ती घरी साड्यांना फॉल-पिको करायची. वडगाव-खासबाग म्हणजे मागांचा भाग, साड्यांना तोटा नाही. आता मशिनचं पायडल तिच्याच्यानं दाबवत नाही. मशिनवर मी टॉवेल वाळत घालतो ते तिला बघवत नाही, म्हणून काल ते तोंड फिरवून भिंतीकडे केलं. हे सगळं आपल्या कामाचं नाही, माहीत आहे. खरं लिहून गेलो. (आमच्याकडे "खरं" म्हणजे "पण".)

आता झाकणाकडे येतो.

ते चेंबर कुणाचं, एवढं विचारायला मी नऊ दिवस हिंडलो. पाण्याच्या टेबलावर म्हणाले ड्रेनेजचं असेल. ड्रेनेजवाले म्हणाले, रस्ता नवा केलेल्यांना विचारा. रस्तेवाल्यांनी केबलवाल्यांकडे बोट दाखवलं. केबलवाल्यांचा माणूस जागेवर आला, वाकून आत बघितलं, म्हणाला, "आमचं एवढं खोल नसतं." शेवटच्या टेबलावरचा साहेब बराच विचार करून म्हणाला, "झाकण कसलं होतं? त्यावरून सांगता येईल." मी म्हटलं, "झाकण नाही म्हणूनच तर आलोय." तो म्हणाला, "मग सांगता येणार नाही."

म्हणून पत्राच्या वर खात्याचं नाव नाही. चेंबर ज्या मंत्र्यांचं असेल त्यांनी हे पत्र आपल्याला आलंय असं समजावं.

अर्ज मी आधी मराठीत दिला होता. तो न वाचताच परत आला, "कन्नडदाग बरकोंड बर्री," म्हणजे कन्नडमध्ये लिहून आणा. मला कन्नड बोलता येतं. एकोणचाळीस वर्षं फौंड्रीत भट्टीवर कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही भाषांत शिव्या खाल्ल्या आणि घातल्याही. लिहिता मात्र येत नाही. अक्कांच्या मुलानं झकास कन्नडमध्ये अर्ज लिहून दिला. तोही हरवला. एवढं समाधान की भाषेवरून दुजाभाव झाला असं मला आता म्हणता येणार नाही. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असं धोरण आहे म्हणतात. बेळगावात मराठी माणूस १५ टक्के भरतो की नाही, हे शोधायला कमिशन लागू नये. उलट दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड आहे का ते मोजायला माणसं येतात. पाटी मोजायला येणाऱ्यानं तीच टेप जरा खाली, चेंबरला लावली असती तर साडेतीन फूट खोली त्याला आयती मिळाली असती.

साहेब, मी मोल्डर. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, १९७८ साली कामाला लागलो तेव्हा कोळशावरची कपोला भट्टी होती, निवृत्त झालो तेव्हा विजेवरची इंडक्शन. वाळूत पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, दाबायचा, आतल्या पोकळीसाठी कोअर बसवायचा, लॅडलनं, म्हणजे मोठ्या पळीनं, लोखंड ओतायचं, सकाळी साचा फोडायचा. या गावच्या फौंड्र्यांतून पंपांची, मोटारींची, ट्रॅक्टरची बिडं, म्हणजे ओतीव भाग, साऱ्या देशात जातात, परदेशातही जातात. चेंबरची झाकणंही आम्ही ओतलीत. दुसऱ्या गावांसाठी. झाकणाला भारतीय मानक आहे, आयएस १७२६. किती भार पेलायचा त्याप्रमाणे त्यात प्रतीही ठरलेल्या आहेत : अडीच टन, दहा टन, वीस टन, पस्तीस टन. अडीच टनी झाकण बागेत, फूटपाथवर, जिथं माणसंच चालतात तिथं. टिपर, बस, ट्रक जातात तिथं वीस किंवा पस्तीस. आमच्या गल्लीतल्या झाकणाचे तुकडे मी उचलून बघितलेत. आत एक गंजकी सळी, बाकी भुसा. ते अडीच टनांचंही नव्हतं. बिडाचं झाकण लावलं तर भंगारवाले चोरतात, म्हणून काँक्रीटचं लावतो, असं सांगतात. चोरी होते, खोटं नाही. खरं काँक्रीटच्या झाकणालाही हेच टनांचे आकडे लागू आहेत, त्यालाही मानक आहे. ते कुणी वाचायचं? आमच्या इथं एका बिडाला मटारएवढं ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, निघालं तरी इन्स्पेक्टर अख्खा लॉट परत पाठवायचा आणि आमचा पगार कापला जायचा. शहराचा लॉट तपासायला कोण आहे?

फ्रेमसकट एक जड झाकण आमच्या हिशेबानं पंधरा-सोळा हजारांत होतं. आता तुमच्याकडचे आकडे बघू. हलग्याजवळचा सुवर्णसौध, म्हणजे तुमच्या विधिमंडळाची इथली इमारत, २०१२ साली राष्ट्रपतींच्या हस्ते उघडला. खर्च कुणी चारशे कोटी सांगतं, कुणी त्याहून जास्त. मी चारशेच धरतो, तुमच्या बाजूनं. सोळा हजारांनी भागा : अडीच लाख झाकणं. एवढी भोकं बेळगावात नसतील, आणखी खणावी लागतील, खरं त्यात तुमच्या लोकांचा हात धरणारा कुणी नाही. शिवारात उभं राहिलं की तो पांढरा वाडा लांबून दिसतो. वर्षातले दहा-बारा दिवस तिथं अधिवेशन. तेवढ्यापुरते हायवेपासून गेस्ट हाउसपर्यंतचे खड्डे बुजतात, दुभाजकांना रंग लागतो. बाकीचे साडेतीनशे दिवस वाडा मोकळा आणि आम्ही खड्ड्यात.

कोट केरे तळ्याकाठी ११० मीटर उंच ध्वजस्तंभ उभा केला. आमच्या गावचा वारा तुम्हाला कुणी सांगितला नव्हता वाटतं. ध्वज फाटतो, उतरवतात, पुन्हा चढवतात, पुन्हा फाटतो. २०२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून सारं शहर दिव्यांनी मढवलं. मी आणि सौ. टिळकवाडीपर्यंत चालत जाऊन बघून आलो. तिला फार आवडलं, नाकारत नाही. येताना आमच्या गल्लीत खांबावर दिवा नव्हता म्हणून मोबाइलच्या उजेडात घरी पोचलो.

आणि स्मार्ट सिटी! २०१६ च्या जानेवारीत देशातल्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हा गणपत गल्लीत पेढे वाटलेले मी खाल्लेत. केंद्राचे पाचशे कोटी, राज्याचे तेवढेच, हजार कोटींच्या गोष्टी. आमच्याकडे काय आलं? एकदा पाइपसाठी चर, मग ड्रेनेजसाठी चर, मग केबलसाठी चर. दर वेळी वरून डांबराची पट्टी, पोस्टाच्या पाकिटाला चिकटवतात तशी. २००८ साली दहा वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं तेव्हा म्हणाले होते, आता सगळ्या शहराला. वॉर्ड ५८. राकसकोप धरण भरलं, हिडकल भरलं हे पेपरात वाचायचं आणि बॅरल भरायला पहाटे उठायचं. आमच्या दारात नवा मीटर बसवला आहे. पाणी येण्याआधी त्यातून वारा येतो, आणि काटा वाऱ्यावरही फिरतो.

शहर वाढतंय, हे मान्य. पिरनवाडी, मच्छे, हिंडलगा, सगळं एकात एक शिरत चाललंय. खरं वाढतंय ते कुणाच्या जमिनीवर? शहापूर-वडगावच्या शिवारात जो भात होतो त्याच्या वासावरून घर ओळखता यायचं. त्यातून हलगा-मच्छे बायपास काढला. बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात उरलेल्या पिकावर चढतं. नाला साफ करा म्हणून शेतकरी ओरडून थकले. माझ्या सासऱ्यांचं तिथं दीड एकर होतं. "होतं" हा शब्द लिहिताना सौ. शेजारीच बसली आहे, म्हणून पुढे जातो.

२०१४ च्या १ नोव्हेंबरला तुम्ही आमच्या गावाचं नाव बदललंत. माझ्या एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेलगाम, तिसऱ्यावर बेळगावी. ऑपरेशनच्या विम्याचा दावा याच कारणासाठी महिनाभर अडकला, पत्ता जुळत नाही म्हणून. १ नोव्हेंबर आमच्यासाठी, बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं त्या १९५६ पासून, काळा दिवस आहे, तोच मुहूर्त निवडलात. तेही सोसलं. बेळगाव तुमच्याकडेच ठेवा म्हणणारा महाजन आयोगही पोटात घातला. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दर १ जूनला मी जातो. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळ्या झाल्या तेव्हा मी २९ वर्षांचा होतो आणि उद्यमबागेतून सायकल हातात धरून घरी आलो होतो.

तुम्हाला वाटेल, आला शेवटी सीमाप्रश्नावर. तिकडच्यांनाही सोडत नाही. महाराष्ट्रानं २००४ साली आमच्या गावासाठी सुप्रीम कोर्टात दावा लावला. तेव्हा माझा धाकटा दहावीत होता, आता त्याच्या डोक्यावर केस नाहीत. २०२२ च्या डिसेंबरात तिकडचे दोन मंत्री येणार येणार म्हणून आमची पोरं हार घेऊन उभी, आणि दौरा रद्द. निवडणूक आली की त्यांना आमची अस्मिता आठवते, तुम्हाला आमचं नाव. आमच्या स्वतःच्या नगरसेवकांबद्दल काय बोलायचं? आमच्या गल्लीत मत मागायला आलेले एक जण त्याच चेंबरवर उभं राहून म्हणाले होते, "तीन महिन्यांत झाकण बदलून देतो." तेव्हा त्याला निदान तडाच होता. शब्द पाळला म्हणायचा, तड्याचं भोक झालं. कर्नाटक म्हणतं बेळगाव आमचं. महाराष्ट्र म्हणतं आमचं. गावावर हक्क सांगायला दोन राज्यं, आणि गावातल्या एका चेंबरवर हक्क सांगायला टेबलावरचा एक कारकून तयार नाही!

मागण्या तीन लिहायच्या होत्या. एवढं लिहिता लिहिता दोन विसरलो. राहिली ती अशी.

उद्यमबागेतल्या माझ्या जुन्या सोबत्यांनी ठरवलंय, आमच्या चेंबरचं झाकण आपणच ओतायचं. वीस टनी, मानकाप्रमाणे, बिजागरीचं, म्हणजे भंगारवाल्याला उचलता येणार नाही. लाकडी पॅटर्न मी स्वतः केलाय. सौ. झोपली की व्हरांड्यात बसून तासतो. शुक्रवारी हीट आहे, म्हणजे भट्टी लागणार, मालकांनी पन्नास-साठ किलो लोखंड जास्त वितळवायला हरकत नाही म्हटलंय, बाकीचं आम्ही वर्गणीतून बघू. अडलंय एकाच ठिकाणी. झाकणावर खात्याचं नाव ओतायची पद्धत आहे. अक्षरं उलटी कोरावी लागतात, आणि एकदा ओतली की बदलता येत नाहीत. त्यात कन्नड ६० टक्के भरलं पाहिजे हे मी ध्यानात ठेवलंय, अक्कांचा मुलगा अक्षरं काढून देणार आहे. फक्त नाव कुणाचं घालायचं तेवढं गुरुवारपर्यंत कळवावं. पॅटर्न कोराच ठेवलाय.

आपला,
वडगावचा एक निवृत्त मोल्डर

ता. क. : फांदी परत लावली आहे. या वेळी चिंधी सौ.च्या साडीची.